आयएनएस कारवार : पाणसुरुंग झाडणाऱ्या एका जहाजाची गोष्ट

सीमनची_लेक

२०१७ साली मार्च महिन्याच्या ६ तारखेला आयएनएस विराट मुंबईत निवृत्त झाली. आमच्या घरी येणाऱ्या पेपरात पहिल्या पानावर मोठा फोटो होता, आत अख्खं पान होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ मेच्या संध्याकाळी, त्याच नेव्हल डॉकयार्डात आयएनएस कारवार आणि आयएनएस काकिनाडा या दोन नौकांचा झेंडा सूर्यास्ताला उतरवला. त्याची बातमी चार ओळींची. बाबांनी दोन्ही कात्रणं कापली. विराटचं कात्रण कपाटात गेलं, कारवारचं मात्र अजून त्यांच्या पाकिटात आहे, घडीवर झिजून दोन तुकडे झालेलं.

बाबा कारवारवर सीमन, म्हणजे खलाशी होते, विशाखापट्टणमला, नव्वदच्या दशकात. या जहाजाबद्दल मराठीत सलग लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. बाबांकडून ऐकलेलं आणि मी वाचून पडताळलेलं असं दोन्ही यात आहे. चुकलं तर सांगा.

कारवार, क्रमांक एम ६७. पाणसुरुंग, म्हणजे समुद्रात पेरलेले स्फोटक, काढणारी नौका. नौदलातले लोक माइनस्वीपर किंवा नुसतं स्वीपर म्हणतात. १४ जुलै १९८६ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ती आपल्या नौदलात दाखल झाली. बाबा त्या तुकडीत नव्हते, पण रीगाला गेलेले त्यांचे चीफ सांगायचे की जुलैत तिथे रात्री दहालाही लख्ख उजेड असतो आणि पोरांना झोपच लागायची नाही. सोव्हिएत बनावटीच्या या नौकांना पाश्चात्त्य नौदलं 'नात्या' वर्ग म्हणत. आपण अशा एकूण १२ घेतल्या. १९७८ ते ८० मध्ये सहा : पाँडिचेरी, पोरबंदर, बेडी, भावनगर, अलेप्पी, रत्नागिरी. मग १९८६ ते ८८ मध्ये आणखी सहा : कारवार, काकिनाडा, कन्नानोर, कडलूर, कोकण, कोळिकोड. दुसऱ्या खेपेतली पहिली ती आमची कारवार.

लांबी साधारण ६१ मीटर, रुंदी १० मीटर, वजन ८०० टनांच्या आसपास, माणसं ऐंशीएक. म्हणजे विराटच्या डेकवर अशा तीन एकामागे एक लावल्या तरी पुढे जागा उरेल. अंग कमी चुंबकीय पोलादाचं, कारण लोखंडाची चाहूल लागून फुटणारे सुरुंग असतात आणि हिला नेमकं त्यांच्याच अंगणात फिरायचं असतं. जहाजाच्या पोटातून विजेच्या केबलींचे वेढे नेलेले असतात. त्यात ठरावीक प्रवाह सोडला की उरलंसुरलं चुंबकत्व मारलं जातं. बाबा सांगतात, डेकवर विनाकारण लोखंडी वस्तू पडलेली दिसली की ओरडा बसायचा.

पण जहाजाचा जीव मागच्या डेकवर, स्वीप डेकवर. तिथे मोठमोठी ड्रम, दोर ओढायचे विंच आणि वजन उचलायची डेरिक. दोरखंडासारखी स्वीप वायर मागे पाण्यात सोडायची, शेकडो मीटर. तळाला साखळीने बांधून पाण्याच्या पोटात तरंगत ठेवलेले जे सुरुंग असतात, त्यांची साखळी या वायरला अडकते, घासत घासत वायरवरच्या कटरपाशी येते आणि तुटते. सुरुंग उसळून वर येतो, मग तोफेने उडवायचा. ती वायर मुद्दाम खरबरीत विणलेली असते, करवतीसारखी. बाबांचे चामडी हातमोजे दोन दिवसांत चाळण व्हायचे. ग्रीस, खारं पाणी आणि घामाने भिजलेलं चामडं, यांचा मिळून एक वास असतो. आजही ससून डॉकला मासळी घ्यायला गेलो की बाबा विंचजवळ क्षणभर थांबतात, ते त्या वासासाठीच.

---

मिरकरवाडा

ताई, काय छान लिहिलंत! एक भर घालतो. आमचा ट्रॉलर आहे, रत्नागिरीला. जाळ्याचं तोंड पाण्यात उघडं राहावं म्हणून दोन्ही अंगांना जड फळ्या असतात. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने एक फळी डावीकडे पळते, एक उजवीकडे, आणि जाळं फाकतं. स्वीपरची वायर बाजूला फाकते तीही याच युक्तीने. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी सुरुंग काढायला मासेमारीचे ट्रॉलर आणि त्यांचेच खलाशी घेतले होते, कारण पाण्यात काहीतरी ओढत सरळ रेषेत बोट चालवणं हे त्यांच्या हाडीमाशी होतं.

सरळ रेषा म्हणजे काय हे किनाऱ्यावरून कळत नाही. मागे ओझं असताना बाजूचा वारा आणि ओहोटीचं पाणी एकत्र आलं तर बोट खेकड्यासारखी तिरकी चालवावी लागते. आणि आम्ही चुकलो तर जाळं फाटतं, फार तर हंगामाचं नुकसान होतं. या लोकांनी पट्टा सोडला तर पुढे येणाऱ्या जहाजाला वाटणार रस्ता साफ आहे. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

प्रश्नार्थक

वायरने साखळी तोडायची हे समजलं. पण तळाशी पडून राहणारे, न बांधलेले सुरुंग असतात ना? त्यांना जहाज कसं कळतं? आणि ते कसे काढतात?

---

सीमनची_लेक

तळाचे सुरुंग हीच खरी डोकेदुखी. त्यांना स्पर्श लागत नाही. वरून जहाज गेलं की त्याच्या लोखंडाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित हलतं. इंजिन-पंख्याचा आवाज पाण्यात लांबवर जातो. शिवाय मोठं जहाज गेलं की त्याच्या खालचा पाण्याचा दाब बदलतो. सुरुंग यांपैकी एक किंवा दोन-तीन खुणा एकदम तपासतो.

स्वीपर काय करते, तर मोठ्या जहाजाचं सोंग आणते. मागे जाड केबल सोडून तिच्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडते, म्हणजे चुंबकीय सुरुंगाला वाटतं की मोठं जहाज आलं. दुसरं यंत्र पाण्यात आवाज काढत राहतं. सुरुंग फुटतो तो या केबलीच्या मागे, रिकाम्या पाण्यात. बाबा त्या केबलीला 'शेपूट' म्हणतात.

आता यातली खोच बघा. सुरुंगात मोजणी लावता येते. समजा आकडा सहावर ठेवला, तर पहिली पाच जहाजं खुशाल जाऊ देतो आणि सहाव्याला फुटतो. म्हणून एकाच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा जावं लागतं. पाचदा गेलो, काही झालं नाही, म्हणजे साफ आहे असं म्हणायची सोय नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच अर्धा मैल रुंदीचा पट्टा, जाऊन यायचं, वळायचं, झेंडा लावलेला बोया टाकून हद्द धरायची, पुन्हा जायचं. बाबा म्हणतात, शेतात नांगर धरल्यासारखं. आजोबा शेतकरी होते म्हणून त्यांना ती उपमा सुचली असेल, पण मला तरी तिच्याहून नेमकी दुसरी सापडलेली नाही.

---

अचूक_शब्द

एक दुरुस्ती, राग नसावा. कारवार ही प्रामुख्याने माइनस्वीपर. माइनहंटर ही वेगळी जात. स्वीपर पट्टाच्या पट्टा झाडत जाते. हंटर उच्च वारंवारतेच्या सोनारने (पाण्यात ध्वनी सोडून वस्तू शोधणारं यंत्र) तळाचा एकेक उंचवटा बघते, तीन-चार नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) चालीने जाते, संशयास्पद वस्तू दिसली की जागीच थांबते आणि पाणबुडे किंवा दूरनियंत्रित छोटं यान खाली पाठवून तिथे स्फोटक ठेवते. तळ खडकाळ असेल, जुने पिंप-नांगर पडलेले असतील, तर एकेक वस्तू तपासण्यात दिवस जातात. ब्रिटिशांनी यासाठी एचएमएस विल्टन बांधली, १९७३ मध्ये दाखल झाली. फायबरग्लासचं संपूर्ण अंग असलेली ती जगातली पहिली युद्धनौका.

---

सीमनची_लेक

राग कसला, बरोबर आहे तुमचं. कारवारवर सुरुंग हुडकायचं सोनार होतं, पण ती घडवली झाडण्यासाठीच. मराठीत आपण 'झाडणं' आणि 'हुडकणं' असे दोन शब्द सरळ वापरू या.

---

जुनी_पानं

धाग्याला मुंबईचाच एक जुना संदर्भ देतो, कारण आपल्याकडे अनेकांना वाटतं की पाणसुरुंग म्हणजे लांबच्या कुठल्या तरी आखातातली गोष्ट.

१९१७. 'वुल्फ' नावाचं जर्मन जहाज. वरून साधं मालवाहू, आत झाकलेल्या तोफा, एक छोटं सागरी विमान आणि साडेचारशेहून जास्त सुरुंग. कप्तान कार्ल आउगुस्ट नेर्गर. नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीस जर्मनीतून निघालं, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात शिरलं. केपटाउनजवळ सुरुंग टाकले, कोलंबोजवळ टाकले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये रात्रीच्या अंधारात मुंबईच्या वाटेवर टाकले. मग पुढे निघून गेलं.

मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये, म्हणजे पावसाळा सुरू झाल्यावर, मुंबईबाहेर जहाजांना धक्के बसू लागले. 'सिटी ऑफ एक्झिटर'चं नुकसान झालं. 'उनकाई मारू' हे जपानी जहाज बुडालं, 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडालं. २३ जूनला पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' ही मोठी प्रवासी बोट मुंबईच्या दक्षिणेला सुमारे पन्नास मैलांवर सुरुंगावर आदळली आणि बुडाली. वीसहून जास्त माणसं गेली.

त्या दिवशी वुल्फ कुठे होतं? न्यूझीलंडच्या आसपास, तिथे सुरुंग टाकण्याच्या तयारीत. मुंबईच्या समुद्रात त्याच्या खुणेदाखल एक फळकुटसुद्धा नव्हतं. एकही बंदर न गाठता सुमारे पंधरा महिने फिरून ते फेब्रुवारी १९१८ मध्ये जर्मनीला परतलं.

मला यातले मधले चार महिने अस्वस्थ करतात. रोज मुंबईत जहाजं येत होती, जात होती, गोदीत हमाल पोती उतरवत होते, आणि बाहेर ते पाण्यात तसेच बसून होते. त्या काळात किती जहाजं थोडक्यात बाजूने गेली असतील, त्यांच्या कप्तानांनाही कधी कळलं नसेल.

---

तांडेलवाडी

हे अजिबात माहीत नव्हतं. माझी आजी म्हणायची, लाटांत तोंड दाखवणाऱ्या खडकाला भिऊ नये, झाकलेल्याला भ्यावं. वाचतोय, थांबू नका.

---

कारवारकर

गाव कारवार, आता पुण्यात. आमच्या गावाच्या नावाचं जहाज म्हणून हा धागा दोनदा वाचला.

या नौकांची नावं कधी लक्ष देऊन बघितलीत का? मोठ्या युद्धनौकांना मोठ्या शहरांची, राज्यांची नावं. आणि स्वीपरना? कारवार, काकिनाडा, बेडी, भटकळ, बुलसार, रत्नागिरी, वसईच्या इंग्रजी नावावरून बेसिन. सगळी लहान बंदरं, जिथे कधी काळी पडाव लागायचे, मिठाची आणि कौलांची पोती चढायची. मला हे फार योग्य वाटतं. लहान बंदरांची वाट मोकळी ठेवायचं काम लहान बंदरांच्याच नावांनी करावं.

आणखी एक. तुमच्या बाबांची कारवार ही त्या नावाची पहिली नव्हे. १९५६ मध्ये आपण ब्रिटनकडून 'टन' वर्गाच्या चार नौका घेतल्या होत्या, त्यातली 'ओव्हरटन' आपल्याकडे आयएनएस कारवार झाली. तिच्यासोबतच्या तिघी काकिनाडा, कन्नानोर, कडलूर. म्हणजे रीगाहून आलेल्या तुकडीने जुन्या बहिणींचीच नावं पुढे चालवली. त्या जुन्या कारवारचं अंग लाकडी होतं, अॅल्युमिनियमच्या फासळ्यांवर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर. आणि योगायोग असा की त्याच १९५६ साली राज्य पुनर्रचनेत आमचा कारवार जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जहाज आलं आणि जिल्हा गेला! आमच्या घरात अजून मराठी, कोकणी, कन्नड तिन्ही चालतात.

कोकण नावाचीही आधीची एक होती, दुसऱ्या महायुद्धातली, बँगर वर्गाची.

---

सीमनची_लेक

कारवारकर, जुन्या कारवारचं लाकडी अंग बाबांना माहीत होतं, पण ओव्हरटन हे नाव त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. वहीत लिहून घेतलंय.

याच वर्गातल्या पाँडिचेरीची एक आठवण सांगतात ते. १९८९ मध्ये राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण यांनी नौदलाच्या ताफ्याची पाहणी केली, तेव्हा तिला पांढरा रंग देऊन राष्ट्रपतींची नौका केलं होतं. सोहळा झाला, पुन्हा करडा रंग, पुन्हा स्वीप डेक. त्या वर्गाच्या सगळ्या खलाशांना त्या एका दिवसाचा केवढा अभिमान!

---

मिशिगनकाठ

विस्कॉन्सिनहून लिहितेय. इथल्या स्टर्जन बे गावात अमेरिकेच्या 'अव्हेंजर' वर्गाच्या बऱ्याच सुरुंगविरोधी नौका बांधल्या गेल्या. त्यांचंही अंग लाकडाचं, ओक आणि फर, वरून फायबरग्लासचा थर. त्यातल्या 'गार्डियन'चं जे झालं ते इथे सांगावंसं वाटतं.

१९८९ मध्ये दाखल झालेलं हे जहाज. नंतर जपानमधल्या सासेबो तळावर होतं. १७ जानेवारी २०१३ ला, पहाटे अंधारात, फिलिपिन्सच्या सुलू समुद्रात ते तुब्बाताहा प्रवाळबेटावर चढलं. ते युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे. जहाजावरच्या डिजिटल नकाशात प्रवाळाची जागा जवळजवळ आठ सागरी मैल चुकीची दाखवली होती, आणि इतर खुणांशी ताळा करण्यात माणसांचीही चूक झाली. ७९ माणसं सुखरूप उतरवली. पण लाटांनी जहाज प्रवाळावर इतकं आपटलं की ओढून काढणं शक्य राहिलं नाही. शेवटी जागेवरच तुकडे तुकडे कापून उचललं, मार्चअखेरपर्यंत ते काम चाललं. दोन हजार तीनशे चौरस मीटरहून जास्त प्रवाळ नष्ट झालं आणि अमेरिकेने फिलिपिन्सला सुमारे १९ लाख ७० हजार डॉलर भरपाई दिली.

पाण्याखालचा एकेक धोका हुडकण्यासाठी बांधलेलं जहाज नकाशावरच्या चुकीने गेलं, याने मी तेव्हा खूप हलले होते. तुमच्या बाबांच्या वेळी कागदी नकाशे असतील ना?

---

सीमनची_लेक

हो, कागदी नकाशे, पेन्सिल, आणि किनाऱ्यावरच्या खुणांचे कोन घेऊन जागा काढणं. विशाखापट्टणमला डॉल्फिन्स नोज नावाची टेकडी आणि तिच्यावरचं दीपगृह आहे, ते दिसलं की बाबांना घरी आल्यासारखं वाटायचं. गार्डियनचं त्यांना वाचून दाखवलं तर बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "माणसं सगळी उतरली ना?"

---

वास्को_सडा

आता जे कुणी लिहिलं नाही ते लिहितो. १३ एप्रिल २०१९ ला विशाखापट्टणमला आयएनएस कोळिकोड निवृत्त झाली. बारा नौकांमधली ती शेवटची. त्यानंतर भारताकडे या कामासाठी बांधलेली एकही नौका उरली नाही. नव्या मोजणीनुसार अकरा हजार किलोमीटरच्या किनाऱ्याला एकही नाही.

मी वास्कोत राहतो, म्हणून गोवा शिपयार्डचा भाग जवळून बघितला. २००८ मध्ये आठ नौकांसाठी निविदा निघाल्या. दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीची बोली सगळ्यांत कमी ठरली. मध्यस्थांच्या आरोपांवरून २०१४ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. मग २०१५ मध्ये ठरलं की गोवा शिपयार्ड परदेशी तंत्रज्ञान घेऊन बारा नौका बांधणार, अंदाजे ३२ हजार कोटींचं काम. फायबरग्लासच्या अंगासाठी वेगळ्या सोयी उभ्या राहिल्या, गावात पोरांना वाटलं आता दहा-पंधरा वर्षांची ददात मिटली. २०१८ च्या सुरुवातीला तेही बंद. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने सुरुंगविरोधी नौकांना पुन्हा तत्त्वतः मान्यता दिली. मान्यता आणि जहाज पाण्यात उतरणं यात किती वर्षं जातात हे आम्हाला विचारा.

जुनी_पानं यांनी १९१७ चं सांगितलं. आज मुंबईच्या त्याच खाडीतून न्हावा शेवाचे कंटेनर जातात, जवाहर द्वीपला तेलाची जहाजं लागतात. एखाद्या रात्री तिथे चार सुरुंग पडल्याची नुसती अफवा उठली, तरी विमा कंपन्या जहाजं थांबवतील. खरंच पडले आहेत की नाहीत, हे बघायला जाणार कोण?

---

अचूक_शब्द

काळजी रास्त आहे, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. कारवारसारखं ऐंशी माणसांचं जहाज सुरुंगांच्या पट्ट्यात घालायचे दिवस सरत आले. अनेक नौदलं आता मोठं जहाज बाहेर उभं ठेवतात आणि मानवरहित बोटी, पाण्याखालची स्वयंचलित यानं आत सोडतात. आपल्याला जुन्यासारख्या बारा नौका नकोत, ही नवी साधनं हवीत.

---

वास्को_सडा

साधनं हवीतच. पण ती घेऊन जाणारं, दुरुस्त करणारं, आठवडाभर समुद्रात थांबणारं जहाज लागतंच. आणि त्याहून मोठं म्हणजे माणसं. स्वीपरवर तयार झालेला खलाशी दहा-बारा वर्षांत निवृत्त होतो. मधे जहाजच नसेल तर तो हे सगळं शिकवणार कुणाला? यंत्र विकत मिळतं. तळाकडे बघून हा दगड आणि हा दगड नव्हे, हे ओळखणारा डोळा विकत मिळत नाही.

---

मिरकरवाडा

वास्को_सडा यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे बोट विकून पाच वर्षं घरी बसलेल्या तांडेलाला लगेच कुणी बोट देत नाही.

---

सीमनची_लेक

अचूक_शब्द, तुमचा मुद्दा बाबांना सांगितला. म्हणाले, आत माणूस घालावा लागत नसेल तर सोन्याहून पिवळं. पण वास्को_सडांचं शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

---

प्रश्नार्थक

ताई, शेवटचा प्रश्न, विचारू की नको असं करत होतो. बाबांच्या काळात कारवारने खरा सुरुंग कधी काढला का?

---

सीमनची_लेक

रात्री जेवताना विचारलं. म्हणाले, नाही. ते होते त्या वर्षांत सगळे सरावाचेच. आपणच टाकायचे, आपणच शोधायचे, मोजून परत घ्यायचे.

एकदा सरावाचा एक सापडेना. संध्याकाळ झाली, जेवणं राहिली, पट्टा पुन्हा पहिल्यापासून झाडायला घेतला. मध्यरात्र उलटून गेल्यावर मिळाला, गाळात अर्धा रुतलेला. आत दारूगोळा नव्हता, दुसऱ्या दिवशी शोधला असता तरी काही बिघडलं नसतं. मी तसं म्हटलं. त्यावर बाबांनी ताटातला हात थांबवला आणि म्हणाले, "अगं, सकाळी त्या वाटेने कोळ्यांच्या बोटी निघतात."